बिस्किटांवरचा ठसा

सुट्ट्या जवळ आल्या, तशी थोरल्या जावेने धाकटीला पुन्हा ऑर्डर सोडली : लोण्याच्या बिस्किटांचे पंधरा डबे, ऑफिसात वाटायला. गेल्या वर्षी धाकटी सहज त्या ऑफिसात डोकावली होती, तर एक बाई म्हणाली, "तुमच्या जाऊबाईंच्या हाताला काय चव आहे हो!" थोरलीने डब्यावरची धाकटीच्या नावाची चिठ्ठी सोलून तिथे स्वतःचं नाव चिकटवलेलं होतं. आयत्या बिळावर नागोबा!

यंदा धाकटीने सुतारकाम करणाऱ्या वडिलांकडून लाकडी ठसा कोरून घेतला आणि भाजण्याआधी प्रत्येक कच्च्या बिस्किटावर दाबला. मनगट भरून आलं, पण एकही बिस्कीट सोडलं नाही.

न्यायला आलेल्या थोरलीने डबा उघडला आणि तिचा चेहरा खर्रकन उतरला. प्रत्येक बिस्किटावर ठसठशीत उमटलं होतं : 'धाकटीने केलं'.

"अगं, आता मी लोकांना काय तोंड दाखवू?"

"गेल्या वर्षी दाखवलंत तेच दाखवा, वहिनी."

"मी नेणारच नाही हे डबे!"

"नका नेऊ." धाकटीने झाकणं घट्ट लावली, डबे दोन पिशव्यांत भरले आणि पायात चपला सरकवल्या. "मीच वाटून येते. ऑफिस मला माहीत आहे. तुम्ही आलात तरी चालेल, यंदा चिठ्ठ्या सोलायचं काम नाही."