तेल पाजलेली खुर्ची

मित्रांनो, मध्ये बोलू नका, नुसतं ऐका! मी एक जुनी फिरती खुर्ची आहे. वयाने नाही हं, पण इतकी माणसं बसून गेलीत की पाठ पार चेपलीय. आमच्या बाई बिझनेस कोच आहेत. शेजारचे काका शिकवणी समजून अजून विचारतात, "नातवाला गणित शिकवाल का?" पण बाई शिकवत नाहीत, सल्लाही देत नाहीत. धंदेवाल्यांना प्रश्न विचारतात आणि गप्प बसतात. समोरच्याला संकोच नको म्हणून खिडकीबाहेर बघतात, कान मात्र माझ्याकडे! कुणी मनाविरुद्ध बोललं की चुळबुळतं, मी कुरकुरते, मग बाई "हं... आणखी?" म्हणाल्या की माणूस खरं ओकतो.

काल लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीचे मालक आले. धाकट्या भावाशी फाटलेलं. तो सगळे कारागीर घेऊन वेगळा होणार, म्हणजे कंपनी बुडालीच. आणि नेमकं सकाळीच बाईंच्या ताईने, "पाहुण्यांसमोर काय ही कुरकुर!" म्हणत मला तेल पाजलेलं!

मालक म्हणाले, "जाऊ दे त्याला. मला काही फरक पडत नाही." आणि चुळबुळले. मी जीव तोडून जोर लावला हो, पण आवाजच फुटेना!

बाईंना वाटलं, मनापासून बोलतायत. "मग वाटणीच्या कागदावर आज सही करणार?"

"करतो की."

खिशातून पेन निघालं! आता माझ्याकडे एकच उरलं होतं, मला उंच धरणारी दांडी. ती सोडली तर मी खचणार, आणि खचलेल्या खुर्चीला कोण ठेवतं?

सोडली.

मालक सूंऽऽ करत खाली, हनुवटी टेबलाला!

"अगंबाई, लागलं का?"

मालक हसत सुटले. "बाबांच्या ऑफिसात धाकटा मुद्दाम खुर्चीची दांडी सोडून मला असंच खाली पाडायचा. नालायक!" आणि हसता हसता डोळे भरले.

"हं... आणखी?"

"तो गेला तर मी ओरडू कुणावर?"

तिथूनच फोन लावला. "गधड्या, जेवलास का? थांब, मी येतो."

आज फोन आला, पुढच्या वेळी दोघं भाऊ मिळून येणार. पण बसणार कशावर? मी दाराबाहेर आहे. ताई म्हणते, "भंगारवाल्याला बोलावलंय." बाई म्हणतात, "थांब गं, आधी दुरुस्तीवाल्याला दाखवू." जिन्यात पाऊल वाजलं की माझी चाकं थरथरतात. येणाऱ्याच्या हातात दुरुस्तीचा पाना असेल, की भंगार बांधायची दोरी?

खरं सांगा मित्रांनो, माझ्या जागी तुम्ही असता, तर सोडली असती दांडी?