सुटलेला ओंडका

मी बोलतोय, टिंबर मार्केटात सर्जेरावांच्या वखारीतला जुना विंच, तारेनं ओझं ओढणारं यंत्र. नळापलीकडे पत्र्याला टेकून गंजत पडलोय ना, तोच. घाबरू नका, आता माझ्याच्यानं काही ओढवत नाही.

घडलो कारखान्यात, पण माझी उमेदीची वर्षं गेली चंद्रपूरकडच्या जंगलात. सागाचे ओंडके ओढायचे आणि ट्रकवर चढवायचे. ओढण्याचं सगळे कौतुक करतात. पण वर चढवलेला ओंडका अधांतरी धरून ठेवतो तो माझा ब्रेक, आणि त्याचं कुणी नावही घेत नाही. पुढे लिलाव झाला आणि सर्जेरावांनी मला पुण्यात आणलं.

इथे मला उत्तरेश्वर मिस्त्री भेटला. मूळचा कळंबचा, स्वारगेटच्या मागे त्याचं ब्रेकचे लायनर बदलायचं छोटं दुकान. बावीस वर्षं माझा ब्रेक त्यानंच उघडला. आधी ब्रेकच्या ड्रमवर हातोडीनं हलकेच टिचकी मारायचा आणि कान लावायचा. खणखणीत वाजला म्हणजे तडा नाही. मग आतून नख फिरवायचा. नख अडलं की ड्रम घासायला लेथवर. ड्रमला घट्ट धरणारे लायनर झिजले असले की काढून नवे ठोकायचा, त्यांच्या कडा घासायचा. शेवटी ओंडका अर्ध्यावर थांबवून स्वतः त्याच्याखाली उभा राहायचा. एवढा विश्वास माझ्यावर दुसऱ्या कुणी टाकला नाही.

दर खंडेनवमीला सर्जेरावांच्या पत्नी आनंदीबाई माझी पूजा करायच्या. पाण्यानं धुवायच्या, हळदकुंकू लावायच्या, झेंडूची माळ घालायच्या आणि डोक्यावर वाटीभर गोडेतेल ओतायच्या. लोखंडाला तेल लागलं की ते वर्षभर सुखी राहतं, असं त्यांच्या सासूबाई सांगायच्या. मला आवडायचं ते. खोटं कशाला बोलू?

पण माझ्या पाठच्या पत्र्याला लायनर बघायचं एक भोक आहे. तेल आत गेलं तर ब्रेक धरत नाही. उत्तरेश्वर आदल्या दिवशी गुपचूप यायचा, भोकात चिंधी कोंबायचा आणि दसऱ्यानंतर काढायचा. आनंदीबाईंना कधी बोलला नाही. पूजेत चूक कशी काढायची, असं त्याला वाटे.

गेल्या वर्षी त्याची आई गावी अंथरुणाला खिळली आणि तो येऊ शकला नाही.

दसरा झाल्यावर पहिलाच ओंडका उचलला. मी जीव तोडून धरायला गेलो, पण लायनर ड्रमवरून नुसते घसरत राहिले. ओंडका सुटला आणि खाली संतोष होता, गेली सात वर्षं माझ्या ओंडक्यांना साखळी बांधणारा. त्याच्या उजव्या पायाची तीन बोटं गेली.

सर्जेरावांनी ब्रेक उघडूनही पाहिला नाही. "मिस्त्रीनं लायनर हलके टाकले," एवढंच म्हणाले. मार्केटात गोष्ट पसरायला संध्याकाळसुद्धा लागली नाही. मी आतल्या आत ओरडत होतो, पण लोखंडाचं कोण ऐकतं? मला कोपऱ्यात ढकललं आणि भाड्याची क्रेन आली. तेव्हापासून माझ्याजवळ कुणी थांबत नाही. दसरा येऊन गेला, फूलसुद्धा नाही.

काल उत्तरेश्वर आला. मला भंगारात देणार, हे त्याच्या कानावर गेलं होतं.

"या. वर्षभर उशीर झाला, पण आलात," सर्जेराव म्हणाले.

"मालक, एकडाव उघडून बघू द्या. काय चुकलं ते मला कळाया पाहिजे."

त्यानं ड्रम काढला. आत तेलाचा चिकट थर होता, आणि त्या थरात कुंकू होतं. त्यानं बोटाला लावून वास घेतला. तेवढ्यात आनंदीबाई चहा घेऊन आल्या.

"संतोषचा पाय बघितला की घास उतरत नाही हो," त्या म्हणाल्या. "तुम्हीच सांगा, काय निघालं?"

उत्तरेश्वरनं बोट विजारीला पुसलं. मग फडका घेऊन सगळा ड्रम कोरडा होईपर्यंत पुसला.

"काय न्हाई वहिनी. लायनरच हलका होता. माझीच चूक हाय."

सर्जेराव आत गेले. त्यानं चहा संपवला, कप विसळून ठेवला. निघताना सवयीनं ड्रमवर टिचकी मारली आणि कान लावला. मी जितका खणखणीत वाजता येईल तितका वाजलो. त्याला सांगण्यासारखं माझ्याजवळ तेवढंच होतं.

उद्या टेम्पो येईल आणि मी जाईन. आनंदीबाईंना यातलं काही सांगू नका, माझी शपथ आहे. पण तुमच्या गाडीचे लायनर झिजले, तर स्वारगेटच्या मागे जा. तिथे हल्ली गर्दी नसते. तो आधी टिचकी मारेल, कान लावेल. त्याला घाई करू नका.