पोस्टरवरची बाई

"बॉस, पोस्टरवाली कुठाय? ही तर तिची मम्मी आहे."

एका सॉफ्टवेअर कंपनीच्या पोरांनी पुढच्या रांगा भरल्या होत्या. त्यांतल्या एकानं हे फेकलं आणि कोथरूडचं ते नाट्यगृह खिदळलं. दीपमालानं वादकांकडे बघून मान हलवली आणि गाणं पूर्ण केलं. विंगेत उभ्या रंगनाथचं मात्र तोंड एवढंसं झालं.

होणारच. पोस्टर त्यानंच रंगवलेलं. ऑर्केस्ट्राचा पेंटर तो, गायिका त्याची बायको. ती पन्नाशीला आली तरी हा पठ्ठ्या दरवर्षी नाट्यगृहाच्या दारातल्या मोठ्या बोर्डावर तिला पंचविशीचीच काढायचा. काळेभोर केस, गालावर खळी, हातात माइक.

"अहो, आता माझं वय काढा की," ती म्हणायची. "लोक आत येऊन मला शोधत बसतात."

"मला तू अशीच दिसतेस," हा म्हणायचा आणि ब्रश बुडवायचा. याला वाटायचं, केवढं आपलं प्रेम. मेल्याला प्रेम करायला दुसरी जागा सापडली नाही.

दुसऱ्या दिवशी ऑर्केस्ट्राचे मालक अनंतराव या दोघांच्या सदाशिव पेठेतल्या खोलीवर आले. चहात बिस्किट बुडवून खाल्लं आणि दीपमाला समोर असताना रंगनाथला म्हणाले, "वहिनींनी आता विश्रांती घ्यावी. ऋचा म्हणून मुलगी घेतलीय. कंपन्यांना तरुण चेहरा लागतो, त्याला मी काय करू?"

"अनंतराव, उभं आयुष्य दिलंय तिनं तुम्हाला."

"म्हणून तर स्वतः आलो. नाहीतर फोन केला असता."

रंगनाथनं कप खाली ठेवला. "त्या मुलीचं पोस्टर मी काढणार नाही," तो म्हणाला. अनंतरावांना तो पहिल्यांदाच नाही म्हणत होता.

"काढायचंच नाहीये. आहे तेच झकास आहे. ऋचा दिसतेच तशी. तुम्ही फक्त नाव बदला."

आता यावर काय बोलणार, कपाळ? दीपमालानं कपबश्या उचलल्या.

"बदला," ती मोरीकडे जाता जाता म्हणाली. "तुम्ही नाही बदललंत तर दुसरा कुणीतरी बदलेल, आणि अक्षरही घाण काढेल."

शनिवारी दुपारी तो रंगाचे डबे घेऊन निघाला. नको नको म्हणत असताना ती शिडी धरायला आली. तिच्या नावावर त्यानं पांढरा हात मारला, तो वाळेपर्यंत दोघं फुटपाथवर बसून राहिली, मग तो पुन्हा वर चढला आणि लाल रंगात ऋचा लिहू लागला.

तेवढ्यात ऋचाच स्कूटीवरून आली. हेल्मेट काढून बघतच राहिली. खरंच तशीच दिसत होती पोरगी, खळीसकट. तिचा बिचारीचा काय दोष?

"आईशप्पथ, काका, किती सेम काढलंय मला. आपण तर भेटलोपण नाही."

शिडीवर रंगनाथनं ब्रश पुन्हा डब्यात बुडवला.

"त्यांना सवय आहे," शिडी धरलेली बाई म्हणाली. "न बघताच काढतात ते."

ऋचा हसली, थँक्यू काकू म्हणाली आणि आत गेली.

रंगनाथनं खाली पाहिलं. दीपमालाचा भांग वरून पांढराफटक दिसत होता. केस कधी पिकले, हे त्याला शपथेवर सांगता आलं नसतं.

"उतरा आता," ती म्हणाली. "सावकाश. मी धरलीय."