गाळलेला रकाना

श्रीमंतमामांनी हळदीची पोती पत्र्याच्या शेडमधून काढून हदगावच्या रस्त्यालगत रचली होती. पलीकडे विरूपाक्षअप्पांचा रिकामा टेम्पो उभा होता. मामांची हळद दरवर्षी हेच व्यापारी घेत.

"काय मॅडम," अप्पा वैष्णवीला म्हणाले, "तुमचा मोबाइल पोती उचलून राहिला का न्हाई अजून?"

"हसा अप्पा, हसा," मामा म्हणाले. "सौदा झालाय. उद्या ट्रकनं निजामाबादच्या गोदामात टाकायचा माल. भाचीनं लई तपासून ॲप निवडलंय, लातूरच्या क्लासात फिजिक्स शिकवती ती."

वायदे बाजारासाठी, म्हणजे आज भाव ठरवून पुढच्या तारखेला माल द्यायच्या सौद्यांसाठी, कुठलं ॲप घ्यावं हे वैष्णवीला विचारताना मामांनी एकच अट घातली होती: "माल खरोखर घेतात न्हवं, तेवढं बघ."

तिनं तक्ता केला होता. ॲपवाल्या चार दलाल कंपन्या आणि पुढे रकाने: दलाली, ॲपचा वेग, भावांचे आलेख, मराठीतून मदत. शेवटचा रकाना होता मामांच्या अटीचा. तो भरायला फोन करावे लागणार होते. पहिल्याच कंपनीनं गाणं ऐकवत ठेवलं, तेवढ्यात तासाची घंटा झाली आणि तिनं फोन कापला. दुसऱ्या दिवशी तो रिकामा रकाना तक्त्यात विचित्र दिसायला लागला, तेव्हा तिनं तो काढून टाकला. मग तक्ता नीटनेटका झाला. प्रयोगात न घेतलेल्या मोजमापाची जागा रिकामीच ठेवायची, खोडायची नाही, असं ती मुलांना प्रत्येक बॅचमध्ये बजावत असे.

ती घरात गेली. ॲपमधले नियम पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचले. शेतमालाची प्रत्यक्ष पोच स्वीकारली जात नाही, मुदतीआधी सौदा आपोआप बंद होईल, असं तिथं स्वच्छ लिहिलं होतं.

बाहेर टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला. वैष्णवीनं मामांना दारातून हाक मारली.

"मामा, गोदामात माल घेणार नाहीत. ही कंपनी घेतच नाही."

"तू विचारलं होतंस न्हवं?"

"नाही."

मामांनी डोक्याचा रुमाल सोडून पुन्हा बांधला आणि ते भराभर रस्त्याकडे गेले. त्यांनी टेम्पोच्या दारावर थाप मारली.

"थांबा अप्पा. भाची म्हणती, परक्याच्या गोदामात कशाला, वर्षानुवर्षांच्या माणसाला द्या."

अप्पा खाली उतरले. मुठीत हळकुंडं घेऊन त्यांनी भाव सांगितला. कालच्यापेक्षा कमी होता. एरवी पावशेरासाठीही हुज्जत घालणारे मामा नुसतं "हाव, घ्या" म्हणाले.

"पोरगी हुशार हाय हां, श्रीमंतराव!" अप्पा खुशीत आले. "शिकून बी माणसं विसरली न्हाई."

"अप्पा, तसं नाही झालं," वैष्णवी म्हणाली. "मी..."

"पोतं धर," मामा म्हणाले.

तिनं पोत्याचे दोन कान धरले. दुसरे दोन मामांच्या हातात होते. शेवटचं पोतं टेम्पोत चढेपर्यंत मामांनी तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही.