मायतेनची दोन चित्रं

छत्री पाहताच एल्विरा सागास्तीच्या लक्षात आलं की हे चित्र मुलीचं नाही.

काढलं मुलीनेच होतं, तिच्यासमोर बसून, सहा मिनिटांत. कागद उभा धरलेला. मधोमध माणूस, पायाखाली जमिनीची ठळक रेघ, चेहऱ्यावर हसू, उजव्या हातात छत्री, छत्रीवर सात-आठ थेंब. ढग एकच, तोही कोपऱ्यात, लहानसा. खोडरबराला हात लागला नव्हता. "पावसातला एक माणूस काढ," एवढंच एल्विराने सांगितलं होतं. अकरा वर्षांच्या मायतेन किलोद्रानने चित्र पुरं केलं आणि पेन्सिल कागदाच्या कडेला सरळ लावून ठेवली.

"झालं?"

"झालं."

"कोण आहे हा?"

"एक माणूस."

"काय करतोय?"

"कामाला निघालाय. तो समाधानी आहे. त्याच्यापुढे उद्दिष्टं आहेत."

एल्विराने उत्तर जसंच्या तसं लिहून घेतलं. हे वाक्य तिने पूर्वी पुष्कळदा ऐकलं होतं, पण मोठ्या माणसांच्या तोंडून. एल्विरा मानसशास्त्रज्ञ होती; आठवड्यातले तीन दिवस ती कौटुंबिक न्यायालयासाठी मुलांना तपासायची आणि उरलेले दोन दिवस तेलविहिरींवर भरती होणाऱ्या माणसांना. विहिरीवर जाणाऱ्या प्रत्येकाला हे चित्र काढावंच लागतं, आणि प्रत्येकाला कुणीतरी आधीच पढवून ठेवलेलं असतं. छत्री विसरू नकोस. जमीन विसरू नकोस. वीज काढू नकोस. माणूस हसरा काढ. छत्री म्हणजे संकटात स्वतःला सावरायची ताकद, असं चाचणीच्या पुस्तकात लिहिलं आहे. ते पुस्तक शहरात कुणी वाचलेलं नाही, पण सगळ्यांना पाठ आहे. गेल्या वर्षी एल्विराच्या टेबलावरून असे चारशेबारा छत्रीवाले गेले.

मायतेनचा मामा ओमार विहिरीवर कामाला होता.

मुलीची आई आठ महिन्यांपूर्वी बेकरीच्या काउंटरमागे उभी असताना कोसळली आणि तिसऱ्या दिवशी इस्पितळात वारली. तेव्हापासून मायतेन मामाकडे होती. वडील रोसारिओला, इथून दोन हजार किलोमीटर उत्तरेला. त्यांचा दुसरा संसार होता, दोन लहान मुलं होती. मायतेनला त्यांनी शेवटचं पाहिलं तेव्हा ती तीन वर्षांची होती. आता त्यांनी तिचा ताबा मागितला होता. सुनावणी गुरुवारी. त्याआधी, म्हणजे बुधवारी संध्याकाळी पाचपर्यंत, एल्विराचा अहवाल न्यायालयात पोचायला हवा होता, आणि मुलगी इथे, अर्जेंटिनाच्या दक्षिणेला पातागोनियात राहणार की रोसारिओला जाणार हे बहुतेक त्या अहवालावर ठरणार होतं. आज सोमवार होता.

मुलगी बाहेर गेल्यावर समाजसेविका झुल्मा आत आली. तिने 'माते' या कडवट हिरव्या चहाचा पेला भरून पुढे केला. एल्विराने नळीने ओढून तो रिकामा करून परत दिला. झुल्माने चित्र उचललं, पाहिलं आणि ठेवून दिलं.

"हा तर ड्रिलिंगवरचा माणूस आहे. फक्त हेल्मेट राहिलं."

"हो."

"लिहिणार आहेस, की पढवलंय म्हणून?"

"दिसतंय ते लिहावं लागेल."

"मग मामाचं आटोपलं. तिच्या बापाचा वकील तेवढंच वाक्य उचलेल. मुलगी ज्याच्या ताब्यात आहे तो तिला घोकंपट्टी करून पाठवतो. न्यायाधीशबाईंना एवढं पुरे." झुल्माने दुसरा पेला भरला. "घर मात्र चांगलं ठेवलंय हं त्याने. मी गेले होते. पोरीसाठी विहिरीवरचं काम सोडून कंपनीच्या यार्डात गेटवर बसतो. चौदा-चौदा दिवस बाहेर राहणं बंद केलं. स्वयंपाकात हात अगदी बेताचा. रोज भोपळा आणि मटणाचं कालवण."

"मुलगी काय म्हणाली घरी?"

"चालेल म्हणाली. सगळ्यालाच चालेल म्हणते."

ओमार बाहेर बाकावर बसला होता. चाळिशीचा, आडव्या अंगाचा, टोपी गुडघ्यावर. काडीसारखी बारीक मायतेन पलीकडे खिडकीशी उभी होती. एल्विराने त्याला बाजूला घेतलं.

"चित्र तुम्ही शिकवलंत."

त्याने नाकारलं नाही. "चुकलं का काही? छत्री काढली ना तिने?"

"काढली. म्हणूनच चुकलं."

"हे बघा डॉक्टरीणबाई," तो म्हणाला. एल्विरा डॉक्टर नव्हती, पण हे दुरुस्त करणं तिने कधीच सोडून दिलं होतं. "छत्री नाही काढली तर काय होतं ते मला माहीत आहे. सतरा वर्षांपूर्वी मी तुमच्यासमोरच बसलो होतो. तुम्हाला आठवायचं नाही."

"नाही आठवत."

"मी आपला जसा असतो तसा माणूस काढला. कॉलर वर, मान खाली. तुम्ही लिहिलंत, ताणाखाली टिकणार नाही. दोन वर्षं घरी बसलो. मग एका मित्राने शिकवलं, गाढवा, छत्री काढ. छत्री काढली, लागलो कामाला. पंधरा वर्षं टिकलो त्या ताणाखाली." त्याच्या आवाजात राग नव्हता. एखादा पत्ता सांगावा तसं तो सांगत होता. "बरं, मला एक सांगा, या गावात छत्री आहे कुणाकडे?"

कुणाकडेच नव्हती. इथे पाऊस वर्षातून मोजके दिवस पडतो आणि पडतो तेव्हा आडवा पडतो, कारण वारा त्याला खाली येऊच देत नाही. एल्विरा एकोणीस वर्षांपूर्वी ला प्लाताहून इथे आली तेव्हा तिच्या सामानात एक छत्री होती. पहिल्याच पावसात कोपरा वळताना ती उलटी झाली आणि तिच्या काड्या मोडल्या. एल्विराने ती कचऱ्याच्या पिंपात टाकली, तिथे आधीच कुणा परक्याची एक पडलेली होती. पण रस्त्यावरची छत्री आणि पुस्तकातली छत्री यांची तिच्या डोक्यात गाठ पडायला चार वर्षं गेली. त्या चार वर्षांत तिने बिनछत्रीच्या माणसांबद्दल पुस्तकात होतं तेच लिहिलं.

"उद्या तिला पुन्हा आणा," ती म्हणाली. "आणि घरी काही शिकवू नका."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

"मग रात्रभर काय बोलायचं आम्ही?" ओमार म्हणाला, आणि टोपी डोक्यावर घालून भाचीकडे गेला. "चल काडे."

मंगळवारी मायतेन त्याच खुर्चीवर बसली. एल्विराने कोरा कागद पुढे ठेवला.

"काल मामाचं चित्र झालं. आज तुझं काढ."

मुलीने कागदाकडे पाहिलं. "मामाला शिक्षा होणार?"

"नाही. मी त्याच्याशी बोलले आहे."

"तो म्हणाला, छत्री काढली की पास करतात."

"इथे पास-नापास नाही."

मुलीने हे ऐकून घेतलं. विश्वास बसल्याची किंवा न बसल्याची काही खूण तिने दाखवली नाही. तिने कागद आडवा केला आणि पावसापासून सुरुवात केली. डावीकडून उजवीकडे रेघा, जवळजवळ जमिनीला समांतर, कागदभर. माणूस शेवटी आला. पाठमोरा, वाकलेला, डोक्यावर कनटोपी, हात खिशात. चेहरा नाही. पायाखाली काही नाही. बत्तीस मिनिटं लागली. एल्विराने वेळ टिपून ठेवली.

"कोण आहे?"

"कुणी पण."

"खाली जमीन नाही."

"दिसत नाही त्याला. डोळे मिटलेत. माती जाते डोळ्यांत."

"कुठे चाललाय?"

"चालला नाहीये. थांबलाय."

"कशासाठी?"

"वारा पडेपर्यंत."

"आणि मग?"

"ते नाही माहीत."

एल्विराने लेखणी खाली ठेवली. जे कुठल्याच चाचणीत विचारत नाहीत ते तिने विचारलं.

"तुला कुठे राहायचंय, मायतेन?"

"कुठेही चालेल."

"मामाकडे?"

"चालेल."

"बाबांकडे? रोसारिओला?"

"चालेल."

दोन्ही उत्तरांत तिचा आवाज एकाच पट्टीत होता. काही लपवणाऱ्या मुलांचा आवाज कुठेतरी अडखळतो. हिचा अडखळला नाही.

"आणि नाही चाललं तर?"

मुलीने थोडा विचार केला. "तरी चालेल," ती म्हणाली.

नियमाप्रमाणे दोन्ही चित्रांच्या प्रती वडिलांच्या बाजूच्या तज्ज्ञाला पाठवायच्या होत्या. त्याचं नाव तारावेल्ली. बुधवारी सकाळी साडेदहाला त्याने रोसारिओहून फोन केला. त्याचं बोलणं घाईचं होतं, पण माणूस उद्धट नव्हता.

"सागास्तीबाई, पहिल्या चित्राबद्दल मी बोलतच नाही. तुम्हाला कळलंय, मलाही कळलंय. दुसरं बघा. छत्री नाही, चेहरा नाही, हात नाहीत, जमीन नाही. आणखी काय नसायला हवं? पोर बुडतेय तिकडे."

"हात खिशात आहेत. इथे मे महिना आहे, थंडीचा."

"पुस्तकात मे महिना नसतो."

"पुस्तकात वाराही नसतो. तुम्ही कधी आला आहात इकडे?"

"एकदा. मेव्हण्याच्या लग्नाला. मांडव उडून गेला." तो किंचित हसला आणि लगेच थांबला. "हे बघा, पहिलं चित्र लावलंत तर मामाने पढवलं. दुसरं लावलंत तर पोर त्याच्या घरात मोडलीय. कुठलंही लावा, मला चालतंय."

"हो, ते माझ्या लक्षात आलंय."

"माझा माणूस वाईट नाही हो. आठ वर्षं नालायकपणा केला, ते तो स्वतःच सांगतो. पण बाप आहे."

"मी त्याला वाईट म्हटलेलं नाही," एल्विरा म्हणाली.

अहवाल तिने दोनला लिहायला घेतला. तिने दोन्ही चित्रं जोडली. पहिलं मामाने शिकवलेलं आहे असं सरळ लिहिलं, आणि का शिकवलं तेही लिहिलं. दुसरं चित्र मुलीचं स्वतःचं आहे, पण त्यावरून तिने कुठल्या घरात राहावं हे ठरत नाही. हे बुडणाऱ्या मुलीचं चित्र नसून थांबलेल्या मुलीचं आहे. मुलगी प्रत्येक पर्यायाला होकार देते. असा होकार तिची इच्छा म्हणून धरू नये, मामाच्या बाजूनेही नाही आणि वडिलांच्या बाजूनेही नाही. सहा महिने तिला हलवू नये. दर मंगळवारी उपचार. वडिलांनी आठवड्यातून एकदा ठरल्या वेळी फोन करावा, तिने बोललंच पाहिजे अशी अट न घालता. त्यानंतर पुन्हा विचारावं.

मग तिने आणखी एक परिच्छेद लिहिला. या भागातल्या मुलांच्या चित्रात छत्री नसणं पुस्तकाप्रमाणे वाचू नये. अहवाल लिहिणारीने स्वतः पहिली चार वर्षं ते तसं वाचलं आहे, आणि ते वाचन चुकीचं होतं.

झुल्माने तो तिच्या खांद्यावरून वाचला.

"हा शेवटचा परिच्छेद काढ."

"का?"

"का म्हणजे? उद्या गावातला प्रत्येक वकील तुझे जुने अहवाल उकरून काढेल. आपल्याच पायावर धोंडा. किती असतील असे?"

"मुलांचे एकशे साठेक. विहिरीवरचे वेगळे."

"आणि त्यातली किती मुलं कोर्टाने घरातून काढून बाहेर पाठवली?"

"माहीत नाही. मी फक्त अहवाल लिहायची."

"मग काढ. पोरीचं काम तुझ्या वरच्या परिच्छेदांनीही होईल."

"नाही होणार. तारावेल्ली चित्र दाखवेल आणि पुस्तक उघडेल. पुस्तक चुकतं हे कुणीतरी सही करून सांगायला हवं."

एकशे साठ मुलांबद्दल आपल्याला काय वाटतंय हे एल्विराने पाहण्याचा प्रयत्न केला. नावं आठवली नाहीत. काही आडनावं आठवली, एक लाल स्वेटर आठवला, तोही बहुतेक कुणा वेगळ्याच वर्षातला. यापलीकडे काही हाती लागलं नाही. घड्याळात चार वाजून चाळीस मिनिटं झाली होती. तिने सही केली आणि झुल्माने कागद खाली न्यायालयाच्या कचेरीत नेऊन दिले.

गुरुवारची सुनावणी पन्नास मिनिटं चालली. तारावेल्ली आणि मुलीचे वडील रोसारिओहून व्हिडिओवर हजर होते. तारावेल्लीने पुस्तक उघडलं. न्यायाधीशबाईंचा जन्म इथलाच. त्यांनी दुसरं चित्र हातात घेऊन बराच वेळ पाहिलं आणि पुस्तक मिटायला सांगितलं. मात्र पढवण्याबद्दल त्यांनी ओमारला सर्वांदेखत समज दिली, आणि सहा महिन्यांचे चार केले. सप्टेंबरात पुन्हा विचार होईल, तोवर मुलगी मामाकडेच राहील. पडद्यावर मुलीच्या वडिलांनी चष्मा काढून पुसला आणि एवढंच विचारलं, "मी फोन केला तर ती बोलेल का?" या प्रश्नाला उत्तर द्यायचं काम खोलीतल्या कुणाचंच नव्हतं. एल्विरा म्हणाली, "सुरुवातीला नाही बोलणार. तरी करा."

बाहेर बाकावर मायतेन दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. ओमार तिच्यासमोर उकिडवा बसला.

"चार महिने आपल्याकडेच, काडे. मग बघू."

"चार महिने म्हणजे कधीपर्यंत?"

"सप्टेंबर."

"तोपर्यंत मी ठरवायचं?"

ओमारने एल्विराकडे पाहिलं.

"नाही," एल्विरा म्हणाली. "तोपर्यंत तुला कुणी विचारणारही नाही. मंगळवारी चारला माझ्याकडे यायचं, एवढंच."

"चित्र काढायला?"

"काढावंसं वाटलं तर. नाहीतर नुसतं बसलीस तरी हरकत नाही."

"बरं," मायतेन म्हणाली. "आज शाळा आहे का मग?"

"एक वाजता," ओमार म्हणाला. "जेवून जाऊ."

तिने दप्तराची चेन उघडली, वेळापत्रक काढलं आणि गुरुवारच्या रकान्यावर बोट ठेवून पहिला तास कशाचा आहे ते पाहू लागली.