अंगणाची चौथी भाकरी

यरुशलेमचं मंदिर जळून वीस वर्षं झाली होती, त्या वर्षीच्या अंजिराच्या दिवसांतली ही गोष्ट. शुक्रवारची दुपार कलली होती आणि विधवा शफीरा लाकडी परात कमरेला लावून अंगणातल्या भाकऱ्या गोळा करीत होती.

गालीलच्या तळ्यावरच्या त्या गावात चार घरांचं हे एक अंगण: शफीराचं, तिच्या आईचं, भावाचं आणि एका विणकराचं. दर शुक्रवारी प्रत्येक घरातून एक अखंड भाकरी यायची आणि परात शफीराच्या फळीवर राहायची. मग शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, चारही घरं एक मानली जात, घरातलं अंगणात आणायला मोकळीक मिळे. एक भाकरी कमी पडली, तर पाण्याचा घडाही उंबऱ्याबाहेर काढायचा नाही.

ती दोस्ताई नावाच्या त्या विणकराच्या दाराकडे वळली, तसा शफीराचा भाऊ मनाहेम ओट्यावरून म्हणाला, "तिकडे जाऊ नकोस, ताई."

"का रे?"

"त्याचा मसीहा येऊन गेलाय म्हणे. रोमन लोकांनी टांगलेला. आपला बाप ज्याची वाट बघत मेला, तो असा? त्याची भाकरी आपल्यात नको."

दोस्ताईनं माग थांबवला. "येशू पुन्हा येणार आहे, मनाहेम. मीही वाटच बघतोय."

"बघ की, तुझ्या घरात बसून."

देवानं धाडायचा तो तारणारा, मसीहा, येऊन गेला की यायचा आहे, हे शफीराला ठरवायचं नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढे आई आली. आईचे पाय गेले होते. सहा दिवस पुरुष कामात. शब्बाथला मात्र मनाहेम आणि दोस्ताई तिची बाज उचलून अंजिराखाली ठेवत, तोंड अंगणाच्या दाराकडे करून. येणारा त्याच दारानं येईल, असं ती म्हणे. गेला महिना ती तापानं खोलीतच होती. कालच ताप उतरला होता.

"मग उद्या आई आतच," शफीरा म्हणाली.

"एका शब्बाथनं काही बिघडत नाही."

सभास्थानाच्या छपरावरून पहिलं शिंग वाजलं; तिसऱ्याला शब्बाथ लागे, मग भाकरी देऊन उपयोग नसे. शेतातली माणसं परतू लागली. शफीरा आईची भाकरी घ्यायला तिच्या घरात गेली.

"ऐकलं मी," आई म्हणाली. "पाय गेलेत, कान नाहीत गेले. बोलाव त्याला."

मनाहेम येऊन दारात उभा राहिला. आईनं उशाची भाकरी पुढे केली. "ही कुणी थापली?"

"तू."

आईनं वाकडी झालेली बोटं त्याच्यासमोर धरली. "या हातांनी? तीन वर्षं झाली, दोस्ताईची योआना थापते. पीठ माझं, हात तिचे."

"मला सांगितलं नाहीस."

"तू विचारलं नाहीस. आता तिची टाकायची, तर माझीही टाक."

दुसरं शिंग झालं. मनाहेमनं भाकरी उलटी करून पाहिली.

"तरीच," तो म्हणाला. "तुझी भाकरी पाठीवर कधी करपत नव्हती."

तो तसाच अंगण ओलांडून गेला. "वहिनी, भाकरी द्या. लवकर."

योआना भाकरी घेऊनच उभी होती. "मघाशी घेतली असतीत, भाऊजी, तर गरम मिळाली असती."

भाकरी परातीत पडली आणि तिसरं शिंग वाजलं. शफीरा परात मांडीवर घेऊन उंबऱ्यावरच बसली. तिला हसू येत होतं.

सकाळी दोघांनी बाज उचलली.

"तुझी बाजू वर धर."

"माझी बरोबर आहे. तूच बुटका."

आई दुपारपर्यंत दाराकडे बघत राहिली. शेजारची कोंबडी तेवढी आत येऊन गेली.

"कुणी आलं नाही, आई," शफीरा म्हणाली.

"दार उघडं आहे ना? मग झालं."

आई त्याच हिवाळ्यात गेली. तिरडीला त्या दोघांनी आपापल्या त्याच बाजू धरल्या. पुढे मनाहेम म्हातारा होऊन गेला. लोक ज्याला मसीहा म्हणत अशा एका सरदारामागे त्याचा मुलगा रोमन लोकांशी लढायला गेला, तो परतला नाही. दोस्ताईच्या नातवंडांचा मसीहा येशूच होता; त्यांनी त्या सरदाराला मानलं नाही. ती सगळी माग गाडीवर घालून यार्देन नदीपलीकडे निघून गेली.

अंगणात शफीरा एकटी उरली. एकाच घराला असली भाकरी ठेवावी लागत नाही. तरी दर शुक्रवारी पहिलं शिंग झालं की ती परात पुसायची, एक अखंड भाकरी तिच्यात ठेवायची, आणि अंगणाचं दार उघडं टाकायची.