माशी शिंकली माझ्याच आकड्यात

मित्रांनो, पायाला भिंगरी असलेली माणसं तुम्ही पाहिली असतील. मी स्वतःच भिंगरी आहे. खेळण्यातली नव्हे हं! बोटाएवढी पितळी दांडी, खाली जड गोळा आणि वर पोलादी आकडा, असं माझं रूप. वय वर्षं अठरा. माझ्यामुळे एका बाईच्या जिवाला किती घोर लागला, ते मी आज तुम्हाला सांगणार आहे.

आधी माझं काम ऐका. हौसेने मासे धरणाऱ्या लोकांसाठी आमच्या कारखान्यात खोट्या माशा बनतात. खिडकीजवळच्या पहिल्या खुर्चीवर आमची मावशी बसते. सगळा कारखाना तिला मावशीच म्हणतो. बाकीचं जग माशा मारत बसतं, ही माशा बांधत बसते! इवलासा गळ ती पकडीत बसवते, त्याला दोऱ्याचा लांब फास बांधून खाली सोडते, दोऱ्याला मेण लावते आणि फासाच्या दोन पदरांमध्ये सशाची लव भरते. फासाच्या टोकाला लटकते मी. मग दोन बोटांनी मला एक गिरकी! मी गरगर फिरते, दोन्ही पदरांना पीळ बसतो आणि लव त्यात घट्ट धरली जाते. तो केसाळ दोरा गळावर गुंडाळला की माशीचं गुबगुबीत अंग तयार होतं.

मावशीने मला निवडलं तो दिवस मी कशी विसरेन? दुकानदाराने चकचकीत भिंगऱ्यांची रांग मांडली होती. "ताई, ही घ्या, ही नुसती पळते बघा!"

"मला काय तिची शर्यत लावायचीये?" मावशी म्हणाली. तिने पर्समधून कापसाचा बोळा काढला आणि एकेका आकड्यावरून फिरवला. आकड्याला केसाएवढं जरी कुसळ असलं, तरी कापूस अडकतो. आणि जिथे कापूस अडकतो, तिथे दोरा तुटतो. माझ्यावरून कापूस सर्रकन निघून गेला. "ही माझी," ती म्हणाली.

त्यानंतर तिने मला कधीच तपासलं नाही. चष्म्याच्या डबीत घालून रोज घरी न्यायची, रोज परत आणायची. केवढा तिचा माझ्यावर विश्वास! मी त्या तोऱ्यातच होते.

गेल्या महिन्यात एका सकाळी तिच्या नवऱ्याच्या पिशवीची चेन अडकली. तो बस चालवतो. त्याला उशीर झाला होता आणि डबा आत भरायचा होता. "काय कटकट आहे!" म्हणत त्याने चष्म्याची डबी उघडली, मला उचललं, माझा आकडा चेनमध्ये घातला आणि दिला एक हिसका. चेन सुटली. मला शर्टाला पुसून तो निघून गेला. माझ्या आकड्याला मात्र बारीकसं कुसळ उठलं. ते कुणालाच दिसलं नाही. मला कळलं, पण मला तोंड कुठे आहे?

त्याच दिवशी मी तीन गिरक्या घेतल्या आणि टक्! दोरा तुटला, लव टेबलभर उडाली. मावशीने नवा फास केला. पुन्हा टक्! आठवड्याभरात दोरा इतक्या वेळा तुटला की शेजारच्या खुर्चीवरची बाई म्हणाली, "मावशी, चष्म्याचा नंबर बदललाय का हो?"

मावशीने टेबलाखाली उजवा हात डाव्या हाताने घट्ट दाबून धरला. का, ते मला ठाऊक होतं. याच खुर्चीवर पूर्वी तिची आई बसायची. पंचावन्नाव्या वर्षी आईचे हात थरथरू लागले. आधी दोरे तुटले, मग हातातून कप निसटू लागले. मावशीला आता चौपन्नावं लागलं होतं.

"वय झालं की हात जातोच गं, मनाला लावून घेऊ नकोस," नवऱ्याने समजूत काढली. त्याने! माझा नुसता संताप संताप झाला.

शुक्रवारी मालकीणबाई आल्या. बाई मनाने वाईट नाहीत. त्यांनी तीन नव्या भिंगऱ्या टेबलावर ठेवल्या. "मावशी, नमुन्याची माशी आज बाराला पाठवायची आहे. यातली एक निवडा आणि बांधा. आताही तुटलं, तर सोमवारपासून तुम्ही डब्या भरायच्या टेबलावर बसा. सांगताना मलाच कसंतरी होतंय हो."

साडेअकरा वाजले होते. मावशीने नव्यांकडे पाहिलं आणि सवयीने मलाच उचललं. नको गं, मला नको घेऊस! मी मनातल्या मनात किंचाळत होते. टक्! उरली पंचवीस मिनिटं.

मग तिने नव्या भिंगऱ्या पुढे ओढल्या आणि जुना बोळा पर्समधून बाहेर आला. पहिली इतकी हलकी, की दोन गिरक्यांत थांबली. दुसरी झकास फिरली, पण तिच्या आकड्याला कापूस अडकला.

"अहो, नवी कोरी आहे ती!" शेजारीण म्हणाली.

"नवी असली म्हणून काय झालं? कुसळ आहे हिला."

तिसरी जड होती आणि कापूस तिच्यावरून अलगद गेला. मावशीने फास सोडला, मेण लावलं, लव भरली. तिच्या कपाळावर घाम होता. शेजारणीचे हात थांबले. मावशीने गिरकी दिली. दोरा पिळत गेला, ताणत गेला, आणखी ताणला... आणि टिकला. बाराला पाच कमी असताना माशी पकडीत तयार होती. मालकीणबाईंचा जीव भांड्यात पडला.

मावशी मात्र हसली नाही. ती हातातल्या बोळ्याकडे बघत होती. मग तिने माझ्याकडे पाहिलं. अठरा वर्षांनी माझ्या आकड्यावरून कापूस फिरला आणि अडकला. एक बारीक तंतू तिथेच लोंबत राहिला.

"अगं बाई! तू होय?"

ती मला रागावली नाही. मला खाली ठेवून तिने आपला उजवा हात डाव्या हातात घेतला आणि त्यावरून अंगठा फिरवत राहिली. "उगाच बोल लावला रे तुला," ती त्या हाताला म्हणाली आणि सगळ्यांसमोर घळाघळा रडली. मला तिथल्या तिथे वितळून जावंसं वाटलं.

संध्याकाळी नवऱ्याला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "अगं, त्या दिवशी चेन..." आणि त्याने दोन्ही कान पकडले. पॉलिश पेपर घेऊन अर्धा तास त्यानेच माझा आकडा घासला.

आता तिसरी भिंगरी आणि मी, दोघी टेबलावर असतो. रोज सकाळी आम्हा दोघींवरून कापूस फिरतो. पहिल्या दिवशी मला वाईट वाटलं, माझ्यावर संशय! आता तो फिरेपर्यंत मला चैन पडत नाही.

म्हणून सांगते, मित्रांनो, काम बिघडलं तर आपल्या हाताला बोल लावण्याआधी हातातलं हत्यार एकदा नीट बघा. ते कितीही लाडकं असलं तरी बघा. आम्हाला बोलता येत नाही, पण विचारलंत तर आम्ही खोटं सांगत नाही. आणि हो, चेन अडकली तर तिच्यावर मेणबत्ती घासा. मला घेऊन जाऊ नका.